डायरेक्टएक्सचा अर्जनवीस

अमरावतीत भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरनं विंडोज ११ नाकारलं, टीपीएम २.० नव्हतं. पोट्ट्यानं लिनक्स टाकलं आणि त्यावर विंडोजचाच गेम लावून दाखवला.

"कसं काय चालून राह्यलं बे?"

"मामा, मधात डीएक्सव्हीके बसवलं ना!"

गेम बोलतो मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्ट-थ्रीडीत, लिनक्सवर ग्राफिक्स कार्डाशी बोलायचं व्हल्कनमध्ये. मधला दुभाषा डीएक्सव्हीके, म्हणजे तहसीलबाहेर झाडाखाली बसणारा अर्जनवीसच! अकोल्याकडचा शेतकरी सांगतो, "भावानं माह्या वावराचा धुरा कोरला." कागदावर उतरतं, 'सामाईक बांधावर अनधिकृत अतिक्रमण'. साहेबाला वाटतं, माणूस घरीही असाच बोलत असावा. गेमलाही वाटतं, आपण विंडोजवरच आहोत.

तो गैरसमज जपायचं काम वाइन नावाच्या सॉफ्टवेअरचं. हे १९९३ पासून धंद्यात आहे, आणि नावाची फोड काय, तर 'वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर'. 'मी दलाल नाही' हे पहिल्याच वाक्यात कोण सांगतं, ते वऱ्हाडात शिकवावं लागत नाही. २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीनं प्रोटॉन काढून वाइन आणि डीएक्सव्हीके या दोघांना एकाच टेबलावर बसवलं.

गेममध्ये पहिला स्फोट झाला की पडदा अडखळतो. शेडर कंपाइल होत असतात; अर्जनवीस शब्द शोधतोय. दुसऱ्या स्फोटाला मजकूर तयार.

आता यालाही मिजास आलीय. डीएक्सव्हीके २.० म्हणतं, साहेब व्हल्कन १.३ शिकलेला असेल तरच अर्ज लिहीन. भाच्याचं कार्ड तेवढं शिकलेलं नाही. त्यानं १.१० मालिकेतला जुना अर्जनवीस शोधून आणला.