तडा कोणाच्या हद्दीत?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात सायकलवरून कामाला जाणारा माणूस नवा नाही. नवी आहे ती फोल्डिंगची सायकल. पूर्वी हेल्पर सायकलवर यायचा आणि मॅनेजर गाडीतून. आता मॅनेजर फोल्डिंग सायकल गाडीच्या डिकीत घालून आणतो, गेटापासून पार्किंगपर्यंत चालवतो आणि लिंक्डइनवर फोटो टाकतो. त्याची सायकल कधीच मोडत नाही. मोडते ती रोज चालवणाऱ्याची.

देहूत घर असलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही सायकल विकणं फार सोपं. लोकल थांबते देहूरोडला, म्हणजे गावापासून चांगली लांब. मेट्रो पकडायची तर आधी पिंपरी गाठा. 6 मार्च 2022 पासून ती धावते आहे आणि सायकलही आत नेऊ देते, फक्त तिथवर पोहोचायचं कसं ते तुमचं तुम्ही बघा. चाकणला गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांची रांग आहे, पण रेल्वे स्टेशन नाही. घर, स्टेशन आणि कंपनी एकमेकांना जोडायचं काम कुणाच्याच अखत्यारीत आलं नाही. तेव्हा कुठल्याशा हुशार डोक्याने ठरवलं, की जोड आपण सायकलीतच देऊन टाकू. नळीच्या बरोबर मधोमध एक बिजागरी, एक क्लॅम्प. घ्या, आता जोडा तुमचं तुम्हीच.

आमच्या कंपनीने 3 जूनला, जागतिक सायकल दिनी, अशा सायकली वाटल्या. हिरवी फीत कापायला मोठे साहेब मोठ्या गाडीतून आले. रस्ता सोडून बाकी सगळ्याची सोय होती. पुढे पावसाळा आला, आणि पावसाळ्यासोबत सायकलच्या पोटातून ‘कट् कट्’ असा आवाज.

या भागात टपरीवर चहा पीत चार माणसं उभी असली, तर त्यातली तीन क्वालिटीवाली असतात. तळवड्याच्या टपरीवर मी आवाजाचा विषय काढला आणि चुकून रिव्ह्यू मीटिंगच सुरू झाली. एकाने फिशबोन मांडला, दुसऱ्याने ‘फाइव्ह व्हाय’ सुरू केलं, तिसऱ्या साहेबांनी थेट गाडीतून तीन स्प्रेचे डबे काढले. लोकांच्या गाडीत स्टेपनी असते, आमच्याकडे तडे शोधायचं डीपी टेस्टचं किट. त्यांनी बिजागरीच्या वेल्डजवळचा रंग पॉलिश पेपरने घासला, क्लीनर मारला, लाल पेनिट्रंट फवारलं, चहाचा दुसरा राउंड होईपर्यंत थांबले, फडक्याने पुसून घेतलं आणि वरून पांढरं डेव्हलपर मारलं. मिनिटा-दोन मिनिटांत त्या पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. केसाएवढी बारीक, वेल्डच्या अगदी कडेने, खालच्या बाजूने अर्ध्या नळीला वळसा घालून गेलेली. ‘वा! काय इंडिकेशन आलंय!’ साहेब म्हणाले. सगळ्यांनी मोबाइलवर फोटो काढले. मी याच सायकलवर बसून घरी जाणार आहे, हा मुद्दा अजेंड्यावर नव्हता.

पहिला व्हाय: तडा का गेला? मेटल फटीग. म्हणजे एका दणक्यात मोडलं नाही, लहान लहान धक्क्यांनी थकलं. रेल्वेचे आस असेच का मोडतात, याचा छडा जर्मनीतल्या ऑगस्ट व्योलर यांनी 1850 आणि 60 च्या दशकांतच लावला होता, तेव्हा आपल्याकडे लोकांना हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. दुसरा व्हाय: एवढ्या लवकर का थकलं? पोलादाचं बरं असतं. भार एका मर्यादेच्या आत असेल तर लाखो धक्के ते अंगाला लावून घेत नाही. अ‍ॅल्युमिनिअमला तशी मर्यादाच नाही. तुकोबांनी देहूत कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, त्याच गावात राहून या नळीने मात्र एकेका खड्ड्याची उधारी व्याजासकट मांडून ठेवली.

तिसरा व्हाय: बिजागरीपाशीच का? साध्या सायकलीत त्रिकोण असतो, भार तीन नळ्या वाटून घेतात. इथे एकच आडवी नळी, तीही सर्वांत जास्त वाकते तिथे कापलेली. वेल्ड करताना तापलेलं अ‍ॅल्युमिनिअम नरम पडतं आणि नंतर भट्टीत घालून पुन्हा कडक केलं नाही तर नरमच राहतं. क्लॅम्प जरा ढिला झाला की सांधा खुळखुळतो. वर चाकं लहान, वीस इंची, त्यामुळे मोठी चाकं ज्या खड्ड्यावरून निघून जातात त्यात ही पाय धुवायला उतरतात.

चाचण्या होत नाहीत असं नाही. आयएसओ 4210 या मानकात फोल्डिंग सायकलीही येतात. फ्रेमवर एक लाख वेळा, पेडलवर सुमारे 1000 न्यूटन, म्हणजे शंभरेक किलोचा माणूस उभा राहावा एवढा जोर देऊन बघतात. तडा जाता कामा नये. पण प्रयोगशाळेत तळवड्याचा चौक नसतो. लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी 1970 च्या दशकात ब्रॉम्प्टन ऑरेटरी या चर्चसमोरच्या आपल्या फ्लॅटमध्ये पहिली ब्रॉम्प्टन सायकल जुळवली. नाव चर्चचं घेतलं, पण फ्रेम पोलादाची ठेवली. सगळाच भार देवावर टाकला नाही.

विक्रेत्याला मेल केला. फ्रेमला लाइफटाइम वॉरंटी होती. कोणाचं लाइफ, असं विचारलं तर उत्तर आलं, फ्रेमचं. फ्रेमला तडा गेला म्हणजे तिचं लाइफ संपलं, आणि लाइफ संपलं म्हणजे वॉरंटी संपली. शिवाय खडबडीत रस्ता, ओलावा आणि व्यावसायिक वापर वॉरंटीतून वगळलेले. कामावर जाणं हा व्यावसायिक वापर. म्हणजे पाऊस नसताना, सुट्टीच्या दिवशी, गुळगुळीत रस्त्यावर तडा गेला असता तर त्यांनी जरूर विचार केला असता.

चौथा व्हाय: रस्ता असा का? इथे मीटिंगमधली दोन माणसं घड्याळ बघू लागली. देहूला नगरपंचायत, जरा पुढे देहूरोड कॅन्टोन्मेंट बोर्ड, तळवडे-चिखली महापालिकेत, मधल्या गावांवर पीएमआरडीए, चाकणला एमआयडीसी आणि सगळ्यांच्या डोक्यावर राष्ट्रीय महामार्गवाले. सायकलला सांधा एक, रस्त्याला निदान पाच. आणि रस्ताही मोडतो तो सांध्यावरच. हद्दीची पाटी जवळ आली की डांबर संपतं, आणि पाटीच्या पलीकडचं खातं म्हणतं, खड्डा अलीकडून सुरू झालाय. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखीचं प्रस्थान असतं, त्याआधी मात्र सगळ्या खात्यांना एकदम भक्तीचा उमाळा येतो आणि खड्डे बुजतात. त्यावरून वारकरी पुढे जातात, आणि आषाढाच्या पहिल्या मोठ्या सरीत ते डांबरही त्यांच्या मागोमाग पंढरीची वाट धरतं. 2021 मध्ये केंद्राच्या ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धेत देशातल्या 11 विजेत्या शहरांत पिंपरी-चिंचवड होतं. तडा अर्थातच हद्दीबाहेर गेला असणार.

पाचवा व्हाय कुणी विचारलाच नाही. सेकंड शिफ्टची बस आली.

शेवटी सायकल फॅब्रिकेशनवाल्या दादांकडे नेली. त्यांनी लाल रेघेवरून नख फिरवलं.

‘टिग मारून बिजागरी सीलच करतो. वर एक पट्टी देतो. घडी होणार नाही.’

‘दादा, मग फोल्डिंग कशाची?’

‘सकाळच्या लोकलमध्ये तुम्ही स्वतः फोल्ड होऊन उभे राहता. हिला ठेवणार कुठे?’

क्वालिटीवाले साहेब सोबत होते. त्यांना राहवेना. ‘अहो, असं कसं? वेल्डच्या बाजूला हीट अफेक्टेड झोन तयार होतो, तिथूनच परत जाईल!’

दादांनी वेल्डिंगची काच खाली ओढली. ‘झोन कुठलाही असू द्या साहेब, पाचशे होतील.’