निद्रिस्तांचे वाङ्मय

ज्याला जागेपणी काही सुचत नाही त्याला झोपेत हमखास सुचेल, असा एक उदार समज आपल्या साहित्यव्यवहारात रूढ आहे, आणि इतर उदार समजुतींप्रमाणे त्याचाही प्रसार मुख्यतः ज्यांना स्वतःला काही लिहावयाचे नसते अशा मंडळींनी केलेला आहे. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी, माझी कथा मुदतीत हाती येण्याचे चिन्ह दिसेना तेव्हा, तगाद्याच्या पत्राखाली ताजा कलम म्हणून मला असा सल्ला दिला की, उशाशी वही-पेन्सिल घेऊन निजावे, स्वप्न पडताच उठून ते टिपून घ्यावे आणि सकाळी त्याची कथा करावी. मोठमोठ्या लेखकांनी हेच केले आहे. 'मोठमोठ्या लेखकांनी' हे शब्द त्यांनी अधोरेखित केले होते. त्या वर्गात मी मोडतो असे त्यांना सुचवावयाचे नव्हते. त्या वर्गाच्या निजण्याच्या पद्धतीचे अनुकरण तरी मला साधेल, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती.

सल्ला अमलात आणण्यापूर्वी मोठमोठ्या लेखकांचे दप्तर एकवार तपासावे, असे मी ठरवले.

या प्रकरणातील सर्वांत बडी असामी म्हणजे इंग्रज कवी कोलरिज. त्याची जबानी 'कुब्ला खान' ही कविता १८१६ साली छापताना जोडलेल्या प्रस्तावनेत नमूद आहे. ती अशी की, १७९७ साली प्रकृती ठीक नसल्यामुळे तो एका निर्जन शेतघरात राहिला असता, वेदनाशामक औषध घेऊन, पर्चस नामक ग्रंथकाराच्या जाडजूड पुस्तकातील कुब्ला खानाच्या प्रासादाचे वर्णन वाचता वाचता त्याला खुर्चीतच झोप लागली. त्या सुमारे तीन तासांच्या झोपेत दोन-तीनशे ओळींची कविता विनासायास रचली गेली. जागा होताच तो ती उतरवू लागला, आणि इतक्यात पोरलॉक गावाहून कोणी एक इसम कामानिमित्त येऊन तासाभराहून अधिक वेळ बसला. आणि तो उठून गेल्यावर पाहतो तो आठ-दहा तुटक ओळी वगळता सारे काव्य स्मृतीतून नाहीसे झालेले. आज ती कविता चोपन्न ओळींची आहे. उरलेल्या ओळींच्या अपहाराचा ठपका गेली दोनशे वर्षे त्या पोरलॉककरांवर आहे. हे गृहस्थ कोण, कशासाठी आले, चहा तरी मिळाला की नाही, याची कोणी चौकशी केलेली नाही. त्यांचे म्हणणे ऐकून न घेता निकाल एकतर्फी झाला. बरे, खुद्द कवीच्या हस्ताक्षरातील एका प्रतीवर जे टिपण आहे त्यात झोप नाही, स्वप्न नाही. अतिसारावर उतारा म्हणून घेतलेल्या दोन ग्रेन अफूने आलेली एक प्रकारची तंद्री आहे. पोरलॉक तेथे गाव म्हणून आहे. तेथून आलेला इसम मात्र नाही. कोणत्याही मुन्सफाने हा दावा खर्चासह फेटाळला असता.

तथापि पोरलॉककर ही काल्पनिक असामी असली तरी तिचे कार्य आमच्या आळीत नियमितपणे चालू असते. शिकागो विद्यापीठातील आझेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी १९५३ साली असे दाखवून दिले की, निजलेल्या माणसाची बुबुळे मिटल्या पापण्यांआड मधूनमधून वेगाने हलू लागतात, आणि त्या वेळी त्याला जागे केल्यास तो बहुधा स्वप्न सांगू शकतो. ही अवस्था रात्रीतून अनेकदा येते आणि पहाटेकडे लांबत जाते. पहाटेची स्वप्ने खरी होतात या आपल्याकडील समजुतीबद्दल मला काही म्हणावयाचे नाही. ती लांबलचक असतात एवढे मात्र शास्त्रसिद्ध आहे, आणि नेमक्या त्याच प्रहरी गवळी, वर्तमानपत्रवाला आणि नळाचे पाणी ही त्रयी येत असल्यामुळे, मराठी साहित्यातील किती महाकाव्ये पातेले दारात नेण्याच्या घाईत लयाला गेली असतील याचा हिशेब लागणे कठीण आहे.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची गोष्ट निराळी, कारण तो मनुष्य प्रामाणिक. 'डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड' १८८६ साली प्रसिद्ध झाली, आणि पुढे दोन वर्षांनी एका निबंधात त्याने तिची जन्मकथा सांगितली. झोपेत ओरडणाऱ्या या गृहस्थांना पत्नीने घाबरून जागे केले तेव्हा चांगली भुताची गोष्ट रंगात आली असता का उठवलेस, म्हणून ते तिच्यावरच रागावले, अशी आख्यायिका आहे. परंतु निबंधातील मजकूर अधिक मोलाचा आहे. झोपेत आपली निम्मी कामे करणाऱ्या चिमुकल्या यक्षांचे आभार मानून तो सांगतो की, बँकेची पत्रे येऊ लागली आणि खाटीक मागच्या दाराशी रेंगाळू लागला, म्हणजेच आपण कथानकासाठी डोके शिणवू लागतो, आणि मग ते यक्षही कामाला लागतात. या कथेसाठी त्याने दोन दिवस डोके शिणवले, त्यानंतरच्या रात्री खिडकीजवळचा एक प्रसंग आणि पूड घेऊन रूप पालटणाऱ्या हाइडचा दुसरा प्रसंग एवढेच स्वप्नात दिसले, आणि बाकीचे सर्व त्याने जागेपणी, शुद्धीवर असताना लिहिले. म्हणजे मूळ प्रेरणा स्वप्नाची नव्हे, खाटकाची. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' असे आपल्याकडे म्हणतात. पण मनी कोण वसते याची शिरगणती केल्यास त्यात प्रतिभेपेक्षा सावकारांचाच भरणा अधिक निघेल.

इतक्या लांब जाण्याचे खरोखर कारण नव्हते. पांडुरंगाला संगे घेऊन नामदेवांनी स्वप्नात येऊन आपल्याला कवित्वाचे काम सांगितले, असे तुकोबांनीच लिहून ठेवले आहे. आणि दुसऱ्या एका अभंगात, स्नानाला जात असता वाटेत गुरूंनी मस्तकी हात ठेवल्याचे, भोजनाला पावशेर तूप मागितल्याचे, आणि त्याचा आपल्याला स्वप्नातच विसर पडल्याचे सांगितले आहे. या पावशेर तुपावर माझा फार विश्वास आहे. रचून सांगितलेल्या साक्षात्कारात तेज असते, सुगंध असतो, आकाशवाणी असते. तूप, आणि तेही मापून, केवळ खऱ्या स्वप्नातच येऊ शकते. मात्र नामदेवांनी स्वप्नात येऊन काम नेमून दिले, ते करून दिले नाही, ही बाब आमच्या संपादकांच्या नजरेतून निसटलेली दिसते. साडेचार हजारांच्या वर अभंग तुकोबांना जागेपणीच रचावे लागले.

वैद्यकाचे मतही घेऊन ठेवले. चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पैकी पहिली पाच वैद्याने निष्फळ समजावीत. ही वर्गवारी ज्या इंद्रियस्थानात आहे तो विभाग मरणसूचक लक्षणांचा असल्यामुळे, फलदायी स्वप्न पडण्यापेक्षा निष्फळ पडलेले बरे, हे उघड आहे. आणि पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले यांपलीकडे लेखकाजवळ तरी दुसरे भांडवल काय असते?

एवढी पूर्वतयारी करून मी वही उशाशी घेतली. स्वप्ने पडली, ती टिपलीही गेली, आणि सकाळी ती वाचण्याचा मान माझ्याआधी आमच्या सौभाग्यवतींनी मिळवला.

"अहो, हा मामलेदार कोण?" चहाचा कप पुढे ठेवत त्यांनी विचारले.

वहीत माझ्याच, पण उतरत्या वयातील एखाद्या तलाठ्याला शोभेल अशा अक्षरात लिहिले होते: 'मामलेदाराने आंबा परत केला. शेवट हाच!'

"स्वप्नातला आहे," मी म्हणालो.

"आणि आंबा?"

"तोही."

"मग परत केला तर आपले काय गेले?"

वाङ्मयसमीक्षेची अनेक पुस्तके मी वाचली आहेत; परंतु स्वप्नाच्या साहित्यमूल्याविषयी इतका नेमका प्रश्न मला त्यांत आढळला नाही. आंबा परत मिळाला तेव्हा मी स्वप्नात ढसाढसा रडलो होतो, आणि ते रडणे उदात्त होते याविषयी मला अजूनही शंका नाही. पण का रडलो? स्वप्न म्हणजे कचेरीतला तो कारकून, जो रात्री एकटाच मागे राहून सगळी दप्तरे सोडतो, एका मिसलीतले कागद दुसरीत बांधतो, बालपणीच्या पावतीवर कालचा शिक्का मारतो, आणि प्रत्येक कागदावर 'अत्यंत निकडीचे' असा शेरा तेवढा न चुकता लिहितो. निकड खरी असते. मजकुराचा पत्ता नसतो. स्वप्नात रडू आधी येते आणि कारण नंतरही येत नाही. कथेत मात्र वाचक कारण पाहिल्याखेरीज एक अश्रूही मंजूर करत नाही. वहीच्या पुढल्या पानांवर 'पायऱ्या संपल्या हे काकूंना कळवणे' अशा आणखीही काही नोंदी होत्या, आणि सबंध वहीत अर्थ लागेल असे वाक्य म्हटले तर एकच होते, 'शनिवारी दळण'. पण ते अक्षर माझे नव्हते.

तरीही मी आंबा सोडला नाही. मामलेदार कोणाचा आंबा का परत करील, याचा टेबलापाशी बसून विचार करू लागलो. नजराणा म्हणून आलेली करंडी ठेवून घेणारे मामलेदार होते आणि जशीच्या तशी परत करणारेही होते. परंतु सगळी करंडी ठेवून घेऊन एकच आंबा परत करणारा मामलेदार कसा असेल, आणि ज्याच्या हाती तो एक आंबा परत आला त्या कुळाने त्याचा काय अर्थ लावला असेल, हे शोधता शोधता मला एक गाव, एक जप्तीचा हुकूम आणि एक म्हातारी सापडली, आणि कथा झाली. यातले काहीही स्वप्नात नव्हते. स्वप्नातला म्हणून केवळ तो शेवट मी भक्तिभावाने जसाच्या तसा ठेवला.

संपादकांचे उत्तर उलट टपाली आले. कथा पसंत होती. शेवट तेवढा ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो, तो बदलून द्यावा. मी बदलून दिला.

आता मला संस्कृत नाटककार भासाचे शहाणपण अधिक उमगते. नाटकाच्या नावातच स्वप्न घालूनही त्याने पाचव्या अंकात स्वप्नावर भिस्त ठेवली नाही. उदयन झोपेत बरळत असता हाडामांसाची वासवदत्ता त्याच्या शेजारी आणून बसवली, तिच्याकडून त्याला उत्तरे देवविली, पलंगाबाहेर लोंबणारा त्याचा हात उचलून वर ठेवविला, आणि तो दचकून तिच्यामागे धावला तेव्हा दाराच्या फळीवर आपटेल अशीही तजवीज केली. विदूषक खुशाल म्हणो की ते स्वप्न होते.

हे छापून आल्यावर काही सहृदय वाचक आपापली स्वप्ने मला कळवतील, अशी मला धास्ती वाटते. त्यांना नम्र विनंती की, त्यांनी तसे करू नये. ज्यांना अगदीच राहवणार नाही त्यांनी ती कागदाच्या एकाच बाजूस, सुवाच्य अक्षरात, कारणांसह लिहून, साभार परत येण्यापुरती टपाल-तिकिटे सोबत जोडून, परस्पर संपादकांकडे रवाना करावीत.