न सोसणारे पोट आणि सोसायटी

ठाण्यातल्या वर्तकनगरात अन्न न सोसण्याची तक्रार तीन ठिकाणी सुरू होते: आतड्यात, रक्ताच्या अहवालात आणि लिफ्टमध्ये. पहिला प्रकार सर्वांत जुना आहे, दुसरा सर्वांत महाग आणि तिसरा सर्वांत वेगाने पसरणारा. तळमजल्यावर एकाला दूध चालेनासे झाले, की लिफ्ट सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत ते आणखी तिघांना चालेनासे झालेले असते.

आतड्यातील प्रकार समजायला सोपा आहे. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. तान्ह्या वयात ते भरपूर असते. पुढे जगातल्या बहुसंख्य माणसांत ते कमी होत जाते. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात आणि पोट गुबारते. कांदा-लसणातली आणि हरभरा-राजम्यातली काही कर्बोदकेही याच वाटेने जातात. अॅलर्जी हे निराळे प्रकरण असून तीत रोगप्रतिकारशक्ती खवळते आणि एखाद्या शेंगदाण्यानेही जीव धोक्यात येऊ शकतो. सीलिअॅक हा आजार त्याहून निराळा. त्यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाचा गव्हावरचा संशय दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात बळावला. नेदरलंड्समध्ये तेव्हा पाव मिळेनासा झाला होता. वर्तकनगरात पाव मुबलक आहे, त्यामुळे ‘मला ग्लुटेन चालत नाही’ हे वाक्य बहुधा वडापावच्या गाडीसमोर उभे राहून, दुसऱ्या वड्याची वाट पाहताना उच्चारले जाते.

या तक्रारीला परिसराचा भूगोलही पोषक आहे. पोखरण रोड नंबर १ च्या एका टोकाला कॅडबरी नाका आहे आणि दुसऱ्या टोकाला उपवन तलाव. मधल्या वस्तीने रोज कोणत्या दिशेला वळायचे, हा प्रश्न नगररचनाकारांनीच घालून ठेवला आहे. सकाळी सहाला लोंढा उपवनाकडे जातो. तिथे तळ्याभोवती जेवढे चालणे होते, त्याच्या दुप्पट आहारचर्चा होते. दुधीचा रस रिकाम्यापोटी प्यावा, हा या चर्चेतला एक टिकाऊ सिद्धान्त. कडू दुधीच्या रसाने विषबाधा होते, आणि ती जिवावरही बेतू शकते, ही माहिती मात्र तळ्यापर्यंत अजून पोचलेली नाही.

आहारपंथांपैकी दोन प्रमुख आहेत. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत सांगते, की कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपावे आणि रोज 45 मिनिटे चालावे. ऋजुता दिवेकर सांगतात, की थोड्या थोड्या वेळाने खावे, आपल्या मातीतले खावे आणि तुपाला घाबरू नये. वर्तकनगरातील सरासरी घराने या दोहोंचा समन्वय साधला आहे. तिथे दोन वेळा 55 मिनिटे जेवतात, आणि मधल्या वेळात थोड्या थोड्या वेळाने खातात. तुपाबाबत मतभेद नाही. दोन्ही पद्धतींत आपल्या पोटाला विचारण्याची सोय आहे, पण शेजारच्या पोटाला विचारणे अधिक सोपे पडते. शेजारच्या विंगमधल्या काकांचे चौदा किलो उतरले, एवढा पुरावा इथे पुरेसा मानतात. त्याच सुमारास काकांची दाढ काढली होती, हे कुणी विचारत नाही.

अहवालाचा प्रकार अलीकडचा. रक्त घरी येऊन नेतात आणि शंभर-दोनशे पदार्थांची लाल-पिवळी-हिरवी यादी मोबाइलवर येते. यातल्या बऱ्याच चाचण्या आयजीजी नावाच्या प्रतिपिंडावर बेतलेल्या असतात. एखादा पदार्थ शरीराच्या परिचयाचा आहे, एवढेच या प्रतिपिंडावरून कळते. असहिष्णुतेच्या निदानासाठी ही चाचणी वापरू नये, असे युरोपातील अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच सांगितले. लाल रकान्यात गहू, तूरडाळ, दूध, शेंगदाणे निघतात, कारण तेच रोज पोटात जातात. थोडक्यात, हा अहवाल म्हणजे घरच्या स्वयंपाकाची यादी असते. ती आईला विचारली तर फुकट मिळते. खऱ्या चाचण्या कमी दिखाऊ आहेत: लॅक्टोजसाठी श्वासातील हायड्रोजन मोजतात, सीलिअॅकसाठी ठरावीक रक्ततपासणी करतात. ही दुसरी तपासणी गहू खात असतानाच करावी लागते. आधी तीन महिने गहू सोडून मग डॉक्टरकडे जाण्याची इथली रीत निकालाला फसवते आणि रुग्णाला मात्र खूश ठेवते.

गहू सोडण्याचा विधी साधारण असा पार पडतो. घरात जाहीर होते, की उद्यापासून पोळी बंद. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत ग्लुटेन नसते, तेव्हा भाकरी सुरू होते. भाकरी थापायला कुणाला येत नाही म्हणून ती पोळीभाजी केंद्रातून येते, आणि तिथे ती कणकेच्याच परातीत थापलेली असते. आमटीला फोडणी पडते बांधानी हिंगाची. डबीमागची बारीक अक्षरे वाचल्यास त्यात गव्हाचे पीठ किंवा मैदा बऱ्याचदा सापडतो. रात्री ‘ताकदीसाठी’ म्हणून जे माल्टयुक्त पेय दुधात ढवळतात, त्याचा माल्ट बहुधा जवापासून काढलेला असतो, आणि जवातही ग्लुटेन असतेच. सीलिअॅकच्या रुग्णासाठी या तिन्ही गोष्टी गंभीर आहेत. देशातल्या नियमाप्रमाणे ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोला 20 मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन चालत नाही. बाकीच्यांना चार दिवसांत हलके वाटू लागते, आणि श्रेय हिंगासकट सगळ्यांना मिळते.

व्यायामशाळेतला उपप्रकार तरुणांत आढळतो. व्हे प्रोटीनच्या साध्या, म्हणजे कॉन्सन्ट्रेट प्रकारात लॅक्टोज बरेच उरते. आयसोलेट प्रकारात ते फार कमी असते. स्वस्त डबा घेतलेला तरुण आठवडाभर पोट धरून बसतो आणि प्रशिक्षक सांगतो, ‘सुरुवातीला होतं रे, बॉडी अॅडजस्ट करते.’ मग बिनसाखरेचा प्रोटीन बार येतो. त्यात माल्टिटॉलसारखी शुगर अल्कोहोल असतात, तीही आतड्यात वायूच करतात. पालिकेच्या वर्षा मॅरेथॉनसाठी पळणाऱ्यांना आणखी एक गोष्ट नडते. लांब पळताना रक्त पायांकडे वळते आणि आतड्याचा पुरवठा घटतो. रविवारी सोफ्यावर बिनतक्रार पचणारी कॉफी घोडबंदर रोडवर बंड करते. तेथे शौचालय शोधत काढलेला वेग हा अनेकांचा सर्वोत्तम वेग असल्याचे सांगतात.

आपल्या पोटाची रीत शोधण्याची पद्धत उपलब्ध आहे, फक्त ती कंटाळवाणी असल्याने प्रचारात नाही. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील संशोधकांनी तिची शिस्तबद्ध मांडणी केली. संशयित गट दोन ते सहा आठवडे बंद करायचा, मग एकेक पदार्थ थोडा थोडा परत आणायचा आणि वहीत लिहायचे. हे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली केलेले बरे. महाराष्ट्राने यातला पूर्वार्ध कधीचाच आत्मसात केला आहे. आषाढात कांदेनवमीला कांदाभजी, कांद्याचे थालीपीठ, कांद्याची पीठपेरणी असा कांद्याचा निरोपसमारंभ होतो आणि चातुर्मासभर कांदा-लसूण बंद. उत्तरार्ध तेवढा राहिला. चातुर्मास संपल्यावर कांदा पाव वाटीने परत येत नाही, तो पूर्ण गाडीभर येतो, आणि वही कुणी ठेवलेली नसते.

परत आणण्याच्या पायरीवरच खरी माहिती मिळते. लॅक्टोज न सोसणारे अनेक जण सुमारे 12 ग्रॅम, म्हणजे पेलाभर दुधातले लॅक्टोज एका वेळी निभावून नेतात. चहातले दूध तर त्याहून पुष्कळ कमी. विरजणाच्या जिवाणूंनी दह्यातले काही लॅक्टोज आधीच खाल्लेले असते आणि तुपात ते जवळजवळ नसतेच. पण दोन वाट्या बासुंदीचे काय, हे ज्याचे त्यालाच कळते. इथे सोसायटी आडवी येते. कोणताही पदार्थ वहीप्रमाणे पाव वाटी खाणारा माणूस पंगतीला अपमान वाटतो. सगळे सोडलेल्याला मान असतो, सगळे खाणाऱ्याला प्रेम मिळते. मोजून खाणाऱ्याला ‘एवढ्याशाने काय होतंय, घ्या हो’ मिळते. गुरुवारी साईबाबा मंदिरातून आलेला पेढा तर चर्चेपलीकडचा. प्रसादाला नाही म्हणायचे नसते, आणि प्रसाद बाधत नाही असे सासूबाईंचे मत आहे, ज्यांना स्वतःला दूध चाळीस वर्षे ‘सोसत नाही’.

एका बाबतीत मात्र स्थानिक शहाणपण विज्ञानाच्या पुढे होते. पावसाच्या तोंडाला ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका शेवळे ही रानभाजी घेऊन बसतात. त्याने घसा खवखवतो, म्हणून शेजारीच काकडाची आंबट फळेही ठेवलेली असतात. जुडी उचलणाऱ्या नवख्याला बाई विचारते, ‘काकड नाय घेत?’ आणि घेतल्याशिवाय शेवळे देत नाही. त्रासदायक पदार्थ, त्याचा उतारा आणि सल्ला, हे सारे भाजीच्या पैशांत आटोपते. पाठपुराव्याचा फोनही येत नाही.

शेवटी येतो तो आंबा. त्यात फ्रुक्टोज जास्त असते आणि काहींच्या पोटाला ते झेपत नाही. आमरसात दूध घालणाऱ्या घरांत लॅक्टोजही त्यात सामील होते. शास्त्राप्रमाणे मेमध्ये दोन आठवडे आंबा बंद ठेवून परिणाम नोंदवायला हवा. वर्तकनगरात या प्रयोगासाठी अद्याप कुणी नाव दिलेले नाही.