आवलीशिवाय तुकोबा

आषाढी जवळ आली की मराठी निर्मात्याला संत आठवतात. देव पावो न पावो, शाळांचे एकगठ्ठा शो पावतात. मग एक पवित्र पोस्टर येतं. संतांच्या डोक्यामागे एवढा लख्ख सूर्य असतो की आधी त्यांच्या उष्माघाताची काळजी वाटते. पाठोपाठ ट्रेलर. ड्रोनमधून इंद्रायणी, संथ गतीत भगवा पदर, बासरी आणि गाव हादरवणारा पखवाज. संत बोलत नाहीत, थेट सुविचार सांगतात. खलनायक शेंडी ठेवतो, डोळे वटारतो आणि मध्यंतरानंतर चुपचाप पाया पडतो. उरलेलं गाव हात जोडून उभं असतं, कारण त्याला संवादच दिलेले नसतात.

या गर्दीत एक बाई दिसेनाशी झाली आहे. तुकोबांची बायको. तिचं नाव आवली.

१९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, तुकोबा झाले होते विष्णुपंत पागनीस. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही त्याची वाखाणणी झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो चित्रपट जिवंत राहिला आहे तो गौरीबाईंच्या आवलीमुळे. घरात दाणा नाही, पोर तापाने फणफणलंय आणि नवरा भजनात. ही बाई पोराला खेचत देवळात नेते आणि हातात चप्पल घेऊन थेट विठोबाला जाब विचारते. ही बाई नास्तिक नाही. तिला चूल पेटवायची आहे, एवढंच. तिची बाजू इतकी खरी आहे की प्रेक्षकाला तुकोबाही हवेत आणि आवलीचंही पटतं. दोघांपैकी कुणालाच चूक ठरवता येत नाही, आणि चित्रपटाची सगळी ताकद या अडचणीत आहे. शेवटी विमान येतं, तुकोबा वैकुंठाला जातात, आवली खाली राहते. तिच्यापुढे संसार तसाच पडलेला.

आज कुणी असा प्रसंग लिहून पाहावा. चप्पल आणि विठोबा एका चौकटीत? ट्रेलर आल्या दिवशी तीन संघटनांच्या भावना दुखावतील, चौथी निवेदन देईल आणि निर्माता पाचवीच्या कार्यालयात जाऊन माफी मागेल. त्यापेक्षा आवलीच्या हातात निरांजन दिलेलं बरं. बायको ओवाळते, संत स्मित करतात, सगळं सुखरूप. फक्त नाट्य जातं.

कारण संताचं मोठेपण भक्तांच्या तोंडून कळत नाही. भक्ताला सगळेच मोठे वाटतात. ज्याला त्या मोठेपणाची किंमत मोजावी लागली, त्याच्या त्राग्यातून ते कळतं. तो त्रागा कापला की मागे उरतो तो कॅलेंडरवरचा फोटो.

चमत्कारांचंही तसंच. तुकोबांवरच्या चित्रपटात बुडवलेल्या अभंगांच्या वह्या नदीतून वर येतात, मग संगणकावर पाण्याचे फवारे उडतात आणि प्रेक्षागृहात टाळ्या. पण त्याच इंद्रायणीत तुकोबांनी त्याआधी आणखी एक गोष्ट बुडवली होती. दुष्काळात पहिली बायको आणि मूल गेल्यानंतर या सावकारी घरातल्या माणसाने आपल्या वाट्याची कर्जखतं नदीत सोडली, असं परंपरा सांगते. ती कधीच वर आली नाहीत. माझ्या मते हा दुसरा चमत्कार पहिल्यापेक्षा मोठा आहे. शंका असेल तर कुठल्याही बँकेच्या वसुली अधिकाऱ्याला विचारा. पण त्यासाठी ग्राफिक्सची गरज नसते, म्हणून तो पटकन उरकला जातो. चंद्रकांत कुलकर्णींच्या २०१२ च्या ‘तुकाराम’ने दुष्काळाशी आणि संसाराशी थोडी झटापट केली. असे अपवाद बोटांवर मोजावे लागतात.

आणि जुन्या संतपटांमागची माणसं तर पाहा. ‘संत तुकाराम’चे एक दिग्दर्शक शेख फत्तेलाल. ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) मधले ज्ञानेश्वर शाहू मोडक, अहमदनगरच्या ख्रिस्ती घरातले. १९७७ च्या ‘देवकीनंदन गोपाला’त गाडगेबाबा झाले ते डॉ. श्रीराम लागू, ज्यांना देवालाच निवृत्त करायचं होतं. आज ही नावं जाहीर झाली असती तर मुहूर्ताचा नारळ फुटायच्या आधीच बहिष्काराचे फलक छापून तयार असते. तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि पडद्यावर माउली माउलीच राहिली, बाबा बाबाच.

उलट लोकांनी जरा जास्तच विश्वास ठेवला. पागनीसांचा तुकाराम घराघरांत इतका रुजला की अनेकांच्या देव्हाऱ्यात तुकोबा म्हणून जो फोटो आहे तो पागनीसांचा आहे. शांताराम आठवल्यांनी त्या चित्रपटासाठी लिहिलेलं ‘आधी बीज एकले’ पुष्कळांना तुकोबांचा अभंगच वाटला. म्हणजे आपण इतके भाविक की संतांचा चेहरा नटाचा आणि शब्द गीतकाराचे, तरी नमस्कार चुकत नाही. अशा प्रेक्षकाला काय दाखवायचं याची जबाबदारी खरं तर वाढते. निर्माते ती सूर्याचा आकार वाढवून पार पाडतात.

एकेकाळी संतपटाची सरकारला धास्ती वाटे. १९३५ साली व्ही. शांताराम यांनी संत एकनाथांवर चित्रपट केला, बालगंधर्वांना घेऊन. नाव ठेवलं ‘महात्मा’. इंग्रजांच्या सेन्सॉरला त्यात गांधी दिसले. नाव बदलून ‘धर्मात्मा’ करावं लागलं. त्या चित्रपटातले एकनाथ अस्पृश्याच्या घरी जेवतात. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा संत बोटीने आलेल्या साहेबाला आजचा वाटला, यापेक्षा चांगलं परीक्षण कुठल्या समीक्षकाने लिहिलं असेल?

आताच्या संतपटांचं मात्र सरकार स्वागत करतं. नेते पहिल्या रांगेत बसतात, डोळे पुसतात आणि बाहेर पडताना सेल्फी काढतात. जातीवर, सावकारीवर, कर्मकांडावर आयुष्यभर आसूड ओढलेल्या माणसाचा चित्रपट पाहून सत्तेतल्या एकाही माणसाला खुर्चीत चुळबुळ होऊ नये, हे दिग्दर्शनाचं कौशल्यच म्हणायचं.

तेव्हा निर्मात्यांना एक फुकटचा सल्ला. पुढच्या वेळी संताची भूमिका शेवटी ठरवा. दाढी कुणालाही चिकटवता येते. आधी ती बाई शोधा, जी त्याला तोंडावर विचारेल, ‘‘भजन झालं असेल तर रात्रीच्या भाकरीचं सांगा.’’ ती मिळाली नाही, किंवा मिळूनही तिला बोलू द्यायची छाती होत नसेल, तर त्या पैशांत वारीच्या वाटेवर पाणपोई घाला. सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागणार नाही, आणि लोक निदान तहान भागवून तरी जातील.