पिशवीतला दवाखाना

भिवंडीच्या नारपोलीतल्या एखाद्या मागकामगाराच्या खोलीत, दारामागच्या खिळ्याला एक पिशवी टांगलेली असते. साडीच्या दुकानाची, एक बंद तुटून गाठ मारलेली. आत दोन एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, चार दवाखान्यांचे केसपेपर, आधारची झेरॉक्स आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. पट्ट्या अशासाठी की केसपेपरवरचं औषधाचं नाव खुद्द लिहिणाऱ्यालाही दुसऱ्यांदा वाचता येत नाही. औषधांची नावं सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असा नियम २०१६ मध्ये झाला. त्यानंतर पट्ट्या जपायची सवय मोडल्याचं काही ऐकिवात नाही.

देशाची आरोग्यमाहिती कुठे ठेवली आहे, असं कुणी विचारलं तर खुशाल या खिळ्याकडे बोट दाखवावं.

सरकारकडे माहिती नाही असं मात्र कुणी म्हणू नये. २००८ पासून एचएमआयएस आहे, त्यात दर महिन्याला आकडे भरायचे. २०१२ पासून क्षयरुग्णांसाठी ‘निक्षय’ आहे. गरोदर बाया आणि बाळांसाठी आरसीएच पोर्टल, साथींसाठी २०२१ पासून आयएचआयपी, आणि त्याच वर्षी २७ सप्टेंबरला देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य मिशनचा चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक. एवढ्या सगळ्यांना माहिती पुरवणारी सिस्टर एकच. ती आधी वहीत लिहिते, मग वहीतलं मोबाइलमध्ये भरते, मग भरल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकते, कारण साहेबांचा पोर्टलवर विश्वास नसतो. राज्यातल्या आशाताईंनी २०२३ मध्ये संप केला तेव्हा त्यांच्या गाऱ्हाण्यांत हे ऑनलाइन कामही होतं. माणसं तपासायची राहिली तर चालतं, माहिती राहिली की मेमो येतो.

आता ही माहिती बरी की वाईट, हे मोजायचंही शास्त्र आहे. ‘प्रिझम’ नावाची पद्धत बऱ्याच देशांत वापरतात. पाहणी करणारा दवाखान्यात येतो, वहीतल्या नोंदी स्वतः मोजतो आणि वर पाठवलेल्या अहवालाशी ताडून बघतो. जुळलं तर माहिती खरी. मग कर्मचाऱ्यांना विचारतो, टक्केवारी काढता येईल अशी तुम्हाला कितपत खात्री आहे? खात्री सगळ्यांनाच असते. त्यावर तो कागद पुढे सरकवतो आणि म्हणतो, काढून दाखवा. असला निर्दयपणा आपल्याकडे दहावीच्या तोंडी परीक्षेतही करत नाहीत.

पण त्याच्या तक्त्यातली खरी गंमत रिकाम्या चौकटीत आहे. ‘अतिसाराचे रुग्ण’ यापुढे काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे रुग्ण आला नाही, की सिस्टर रजेवर होती? शून्य आणि कोरी जागा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण टेबलाशी बसून बेरीज करणाऱ्याला दोन्ही सारखेच गोड. उलट गोष्ट नावांची. तेलंगणातून आलेला यल्लय्या एका वहीत येलया होतो, दुसरीत यल्लप्पा, तिसरीत नुसता ‘वाय’. एक खोकला, तीन रुग्ण.

या रिकाम्या चौकटींचा हिशेब कधीतरी चुकता करावाच लागतो. १६ जून २०२० ला महाराष्ट्राने कोरोनाबळींच्या यादीत एका दिवसात १,३२८ जुने मृत्यू वाढवले. ८६२ मुंबईतले, ४६६ उरलेल्या राज्यातले. ही माणसं आधीच गेलेली होती. त्यांना यादीत यायला तेवढा उशीर झाला. शासनाच्या भाषेत याला ‘ताळमेळ’ म्हणतात.

मग २०२२ च्या हिवाळ्यात गोवर आला. मुंबईत गोवंडी, बाहेर मालेगाव आणि भिवंडी. तापाबरोबर अंगावर पुरळ दिसलं की संशयित म्हणून नोंद करायची, हे ठरलेलं आहे. ‘बाळाला लस दिली का?’ या प्रश्नाला मात्र भिवंडीत ठरलेलं उत्तर नाही. ज्या गावात माणसं कामासाठी येतात नि सणाला परत जातात, तिथे लसीचं कार्ड गावाकडच्या ट्रंकेत असतं आणि बाळ इथे मागांच्या खडखडाटात झोपलेलं असतं. आई म्हणते, ‘एक सुई दिली होती.’ कसली, ते कार्डाला ठाऊक.

माहिती अशी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे का राहतो, हे नारपोलीत कुणालाही समजावून सांगावं लागू नये. कापडाला उभा ताणा लागतो तसा आडवा बाणा लागतो. आरोग्यखात्याने ताणा मात्र झकास भरला आहे. उपकेंद्रातून तालुका, तालुक्यातून जिल्हा, तिथून पुणे-मुंबई, पुढे दिल्ली. एक धागा तुटत नाही. आडवा धागा तेवढा घालायचा राहिला. भिवंडीहून रुग्णाला ठाण्याला पाठवतात, ठाण्याहून कळव्याला, तिथेही जमलं नाही तर मुंबईत जेजेला. एका दवाखान्याने काय तपासलं हे दुसऱ्याला कळत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी रक्त नव्याने काढतात. इकडून तिकडे माहिती नेणारा धोटा एकच, तो म्हणजे स्वतः रुग्ण. तोही तापाने फणफणलेला, पिशवी छातीशी धरून रिक्षात बसलेला.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, केसपेपरचेही पैसे बंद झाले. ही सोय चांगली झाली, हे मान्य केलंच पाहिजे. दहा रुपये वाचले. पिशवी तीच राहिली, फक्त जास्त भरू लागली. कुठल्याही पाहणीच्या तक्त्यात मात्र पिशवीसाठी रकाना नाही. बिचारी तीच तेवढी पहिल्या दिवसापासून अद्ययावत आहे, वीज गेली तरी चालते आणि पासवर्ड विसरत नाही.

राहता राहिला कायदा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यास त्याची कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात. २०२३ मध्ये नवे नियम आले, त्यांत ही मुदत कामाचे पाच दिवस केली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते स्थगित झाले, त्यामुळे ७२ तासच लागू आहेत. तेव्हा कागद तोंडी मागू नयेत. अर्ज दोन प्रतींत लिहावा, एकीवर तारखेसह सही-शिक्का घ्यावा, आणि ती पोचही पिशवीत ठेवावी.