पाहुणा अमेरिकेचा, पाणी बॅटरीचं

(रंगमंचावर टेबल. त्यावर झाकण नसलेली लोणच्याची काचेची बरणी, पसरट ताटली आणि पाच लिटरचा कॅन. कलाकार चवड्यांवर चालत येतो.)

शूऽऽ! हळू. पाहुणा जेवतोय.

काल दुपारी माशी धरलीय, तोंड अजून मिटलेलं आहे. आपल्याकडे पंगत अर्ध्या तासात उठते. याचं एक जेवण आठ-दहा दिवस चालतं. आणि वाढप्याची घाई नाही!

नमस्कार मंडळी. मी सातारचा. हे व्हीनस फ्लायट्रॅप. मूळ गाव अमेरिकेतलं कॅरोलायना, तिथल्या दलदलीत उगवतं. मी आणलं प्रदर्शनातून, साडेतीनशे रुपयांना. बायको म्हणाली, "अहो, एवढ्यात डास मारायची रॅकेट आली असती."

मी म्हणालो, "रॅकेट आपल्याला हलवावी लागते. हे स्वतः मारतं."

आता त्याला घर पाहिजे. दुकानात काचेचं टेरॅरियम बघितलं, किंमत ऐकली आणि सरळ घरी येऊन आईची लोणच्याची बरणी रिकामी केली. तळाला मस्त गांडूळखत. पाहुणा आलाय, उपाशी ठेवायचा का? वरून झाकण, आणि बरणी मे महिन्यातल्या उन्हात. आत एवढी वाफ, की इडल्या लावल्या असत्या तरी फुगल्या असत्या.

आणि पाणी? इथं माझं डोकं बघा. आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी, म्हणून घरात आरओ. आरओतून जे पाणी वाया जातं, ते मी बादलीत साठवतो. तेच घातलं. फुकट!

तीन आठवड्यांत झाड काळं पडलं. बरणीतून वास मात्र कैरीच्या लोणच्याचा. जगातलं पहिलं मुरलेलं व्हीनस फ्लायट्रॅप!

(खुर्चीवर बसतो.)

नर्सरीवाल्याकडे गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मयताला आल्यासारखं.

"साहेब, तुम्ही लाड करून मारलंत. हे झाड उपाशी जमिनीतलं. जमिनीत नत्र नाही, म्हणून तर किडे धरायला शिकलं. खत घातलं की मुळं करपतात. बरणीला मीठ लागलेलं, ते वेगळंच. आणि पाणी कुठलं म्हणालात? अहो, आरओ सगळे क्षार गाळून ज्या पाण्यात ढकलतो, तेच तुम्ही पाजलंत!"

घरी येऊन त्या पाण्यात क्षार मोजायचा टीडीएस मीटर बुडवला. अकराशे. या झाडाला पन्नासच्या आत लागतं. मी स्वतःला काटकसरी समजत होतो, मंडळी. हे झाड माझ्या वरताण निघालं. त्याला खत नको, माती नको, पाण्यात क्षारसुद्धा नकोत. फक्त पीट मॉस आणि परलाईट. ताटलीत बोटाच्या पेराएवढं पाणी, कुंडी त्यात उभी, वरून धार नाही. आणि ऊन भरपूर.

दुसरं रोप आणलं. बरणी पाच वेळा धुतली, तळाला भोकं पाडून घेतली, झाकण फेकलं. राहिलं पाणी. बॅटरीच्या दुकानात गेलो.

"डिस्टिल्ड वॉटर द्या, पाच लिटर."

"इन्व्हर्टर केवढा आहे?"

"इन्व्हर्टर नाही."

"मग गाडीची बॅटरी?"

"नाही. पिणारा आहे एक."

दुकानदारानं कॅन मागं ओढला. "काका, घरी काही टेन्शन आहे का?"

(उठतो.)

झाड रुजलं आणि श्रावण लागला. आई बरणीसमोर उभी. "अरे, या घरात श्रावणात अंडं येत नाही. आणि हे मेलं माझ्या बरणीत बसून मांसाहार करतंय?"

"आई, ते झाड आहे."

"असू दे. सवय लावली की लागते."

आणि सोमवारी तिनं झाडाला साबुदाण्याची खिचडी भरवली. एक दाणा, चिमटीत धरून.

(बोटांनी सापळा करून दाखवतो.)

आता बघा. या पानाच्या प्रत्येक पाळीवर साधारण तीन केस असतात. एकदा धक्का लागला तर झाड गप्प. वीस-एक सेकंदांत दुसरा लागला, की खटाक्! म्हणजे झाडाला मोजता येतं. पण तोंड मिटल्यावरही ते वाट बघतं. आत कोणी धडपडलं, केसांना पुन्हापुन्हा धक्के बसले, तरच पाचकरस सोडतं.

साबुदाणा काय धडपडणार?

दुसऱ्या दिवशी तोंड उघडलं. दाणा जसाच्या तसा. आई म्हणाली, "माझी खिचडी परत पाठवणारं या घरात हे पहिलंच."

(प्रकाश मंद. आवाज खाली.)

सप्टेंबरात कास पठारावर गेलो. पंचवीस किलोमीटर, युनेस्कोच्या यादीत 2012 पासून. सगळे फुलांचे फोटो काढतायत. मी गुडघ्यावर बसलो. जांभ्या कातळावर बोटभर माती, आणि तिच्यात दवबिंदू नावाचं लालसर रोप. पानाच्या प्रत्येक केसावर चिकट थेंब, एका थेंबात चिलट अडकलेलं. शेजारी निळी सीतेची आसवं. नाव ऐकून गलबलून येतं, आणि ही खाली ओल्या मातीत बारीक फुगे लावून किडे आत ओढतेय! एकाला खत नाही, दुसरीला बरणी नाही. दोघांना वरून पावसाचं पाणी, फुकट.

आणि मी बॅटरीचं पाणी विकत घेत होतो.

आता पावसाळ्यात गच्चीवर स्वच्छ पिंप ठेवतो. पहिल्या सरी वाहू देतो, मग झाकण लावून साठवतो. तुम्हीही करून बघा, नर्सरीतून रोप आणा. कासवरून मात्र उपटून आणू नका, ते तुमच्या लाडानं मरेल.

आणि डासांचं म्हणाल तर, महिन्याला दोन-तीन किडे मिळाले की पाहुण्याचं पोट भरतं.

आम्ही मच्छरदाणी लावून झोपतो.

(अंधार.)