इमिजिएट जॉइनर

सकाळी साडेदहाला सोसायटीच्या गेटपाशी इस्त्रीची हाफ पँट घालून पाण्याच्या टँकरवाल्याकडे पावती मागणारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसचा गृहस्थ दिसला, की ओळखावं, हा इमिजिएट जॉइनर. वाकड-बाणेरकडच्या कुठल्याही सोसायटीत सध्या असा एक तरी निघतोच. नोकरीवाला माणूस त्या वेळी हिंजवडीच्या वाटेवर भूमकर चौकात अडकलेला असतो. आणि निवृत्त माणूस टँकरवाल्याकडे पावती मागत नाही, त्याला आयुष्याबद्दल चार गोष्टी सांगतो.

याची नोकरी गेलेली असते. पण ते दोन शब्द त्याच्या तोंडून येत नाहीत. ‘जरा ब्रेक घेतलाय’, ‘स्वतःचं काहीतरी करायचं डोक्यात आहे’, ‘कन्सल्टिंग चालू आहे थोडंफार’. लग्नकार्यात शेजारच्या ताटावरून कुणी ‘सध्या कुठे?’ विचारलंच, तर ‘इथेच की, पुण्यात’ असं भूगोलाचं उत्तर देऊन तो मठ्ठा मागवतो.

त्याच्या वडिलांना यातलं काहीच उमजत नाही. ते टेल्कोतले. कंपनीचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं, पण वडिलांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही. ज्या गेटातून पोरगेले असताना आत गेले, त्याच गेटातून सत्काराचं घड्याळ घेऊन बाहेर आले. मधे नोकरी शोधायचा प्रश्न आला नाही. त्यांचं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आजही कपाटात, रेशनकार्डाच्या खाली आहे. ‘एक्स्चेंजात नाव घालून ये की,’ असं ते आठवड्यातून एकदा सुचवतात. मुलगा सांगतो, ‘बाबा, आता नोकरी डॉट कॉमवर नाव असतं. १९९७ पासून आहे ते.’ वडील थोडा वेळ विचार करतात. ‘बरं. मग कार्ड कधी देणार ते?’

नाव असतं हे खरं, पण ते वर राहावं लागतं. ज्याची प्रोफाइल ताजी, त्याची आधी दिसते, असं या जमातीत पक्कं मानतात. म्हणून हा रोज सकाळी चहाआधी प्रोफाइल उघडतो आणि एक स्वल्पविराम काढतो. दुसऱ्या दिवशी तोच परत घालतो. लिंक्डइनवरचा पेच याहून नाजूक. फोटोभोवती ‘काम हवंय’ असं सांगणारं हिरवं कडं लावता येतं, पण ते लावलं तर मेहुण्याला दिसतं. काम हवंय हे कडं न लावता फक्त रिक्रूटरांनाच कळावं अशीही सोय आहे. हा ती वापरतो, आणि मग संध्याकाळी बायकोला म्हणतो, ‘कुणी विचारतसुद्धा नाही गं.’

फोन येतात, नाही असं नाही. कन्सल्टन्सीतल्या मुलीचे प्रश्न ठरलेले: करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड. पहिल्या दोनांना तो घसा खाकरतो. तिसऱ्याला मात्र त्याचा आवाज खुलतो. बाकीच्यांच्या नोटिशी नव्वद-नव्वद दिवसांच्या, आणि हा उद्या सकाळी हजर. ‘इमिजिएट जॉइनर!’ पलीकडे क्षणभर शांतता. ‘अच्छा... म्हणजे सध्या तुम्ही काम करत नाही का?’ चाळिशीतल्या स्थळाबद्दल ‘घर आहे, पगार आहे, मग अजून जमलं कसं नाही?’ असं विचारतात, त्यातलीच ही गत. कंपनीला माणूस उद्याच हवा असतो, पण तो कुठूनतरी ओढून आणलेला हवा असतो. फुकट हाताशी असलेल्या माणसावर या बाजाराचा विश्वास नाही.

दुपारी तो ग्रॅच्युइटी काढतो. रोज. शेवटचा बेसिक गुणिले पंधरा भागिले सव्वीस गुणिले वर्षं. हा नियम मुळात १९७२ च्या कायद्यातला आहे आणि त्यात सहा महिन्यांवर गेलेलं वर्ष पूर्ण धरतात, हे तो तुम्हाला लिफ्टमध्ये तिसऱ्या ते तळमजल्यादरम्यान सांगू शकतो. त्याची भरली होती अकरा वर्षं पाच महिने. तो महिना-सव्वा महिना त्याच्या काळजात रुतून बसला आहे. त्या एचआरला त्याने एकदा माफ केलं होतं, पण मग परत हिशेब केला.

कंपनीचा मेडिक्लेम मात्र त्याने वाया जाऊ दिला नाही. शेवटच्या दिवसानंतर पॉलिसी बंद, हे कळल्याबरोबर त्याने आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नोटीस पिरियडमध्ये बसवलं. आई म्हणत होती, दिवाळीनंतर बघू. पण दिवाळीच्या आत अठ्ठावीस तारीख होती. हे मला या माणसाचं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं, आणि याबद्दल तो कधी बोलत नाही. बोलतो ते लीडरशिपबद्दल.

कारण हाताखाली बारा माणसं असण्याची सवय अशी एका महिन्यात जात नाही. बारा माणसं तिकडे राहिली. इकडे उरली बायको (म्हणजे आमच्या वहिनी), दहावीतली मुलगी आणि कामाच्या मावशी. पहिल्या आठवड्यात त्याने स्वयंपाकघरातले डबे लेबल लावून आणलेल्या तारखेनुसार मांडले. आधी आलेली तूरडाळ आधी संपली पाहिजे. वहिनी बँकेत नोकरीला. त्या संध्याकाळी आल्या आणि अर्धा तास हिंग शोधत राहिल्या. दुसऱ्या आठवड्यात त्याने मुलीच्या अभ्यासाची एक्सेल शीट केली, तेव्हापासून मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. मग राहिल्या मावशी. त्यांना तो रोज सकाळी ओट्यापाशी उभं करून तीन प्रश्न विचारू लागला: काल काय झालं, आज काय करणार, आणि कामात अडचण काय? मावशींनी तीन दिवस सहन केलं. चौथ्या दिवशी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं: ‘तुम्ही.’

त्याच दिवशी भांडी विसळताना त्या वहिनींना हळूच म्हणाल्या, ‘ताई, सायबांना नोकरी लागू दे, मी सोमवार धरते.’

मुलाखती हल्ली घरातूनच होतात. वर फिका निळा शर्ट, खाली तीच हाफ पँट, पाठीमागे पुस्तकांचं शेल्फ, त्यातून बाकीची पुस्तकं काढून मॅनेजमेंटची मांडलेली. समोर अठ्ठाविशीचा मुलगा त्याला एकेरी नावाने ‘हाय’ करतो आणि याच्या तोंडून ‘सर’ निसटतं. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून बारापर्यंत घरात भात लागत नाही, तर नेमकी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत खाली येते. ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?’ असं तो मुलगा विचारतो. खरं उत्तर तोंडावर आलेलं असतं: पाच वर्षांनी फ्लॅटचं कर्ज फिटतं, मग कुठे पाहायचं ते मी बघून घेईन. पण तो स्ट्रॅटेजिक रोलबद्दल बोलतो.

आणि एके दिवशी लागते. कशी लागते हे कुणाला सांगता येत नाही. हजार ठिकाणी अर्ज केलेले असतात आणि नोकरी येते ती जुन्या कंपनीत कँटीनला शेजारी बसणाऱ्या माणसाच्या एका मेसेजवर. पगार पूर्वीपेक्षा कमी. याला तो ‘मार्केट करेक्शन’ म्हणतो. पेढे लगेच वाटायचे नाहीत, अजून बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन व्हायचंय; तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, रिलीव्हिंग लेटर, फॉर्म सोळा, सगळं गेलंय. मधल्या काळात श्रेयाची वाटणी सुरू होते. आईच्या मते ती शनिवारच्या तेलाची पुण्याई. ज्योतिषी म्हणतात, मी ऑक्टोबर सांगितलाच होता. (त्यांनी सांगितलं होतं ‘दिवाळीच्या आगेमागे’, पण असो.) मेहुणा म्हणतो, मीच त्याचा रिझ्युमे पुढे पाठवला होता. कुठे, ते सांगत नाही.

जॉइन झाल्याच्या तिसऱ्या दिवशी तो रात्री साडेआठला लिफ्टमध्ये भेटतो. गळ्यात ओळखपत्र, ते घरापर्यंत काढलेलं नाही. ‘वैताग आहे हो, भूमकर चौकात पाऊण तास!’ असं म्हणताना चेहरा असा उजळलेला, की मला त्याचं अभिनंदन करावंसं वाटतं. टँकरची पावती आता कुणीच मागत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याचा हिशेब लागेनासा झालाय.

वहिनींनी पहिल्याच रविवारी डब्यांवरची लेबलं गरम पाण्याने काढली. मावशी शेजारी उभ्या होत्या.

‘ताई, लागली ना साहेबांना? मग आता सोमवार सोडू का?’

‘अहो नको,’ वहिनी म्हणाल्या. ‘सहा महिने प्रोबेशन आहे. तोवर धरा.’